जॅकला एक नट लावायला काय जातं?

परवा तिसऱ्यांदा माझा छोटा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारा कीबोर्ड, उघडला. आउटपुटच्या जॅकचा (केबल खुपसायच्या भोकाचा) डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, पुन्हा तडकलेला. तडकणार नाही तर काय! 3.5 मिलिमीटरचा इवलासा जॅक नुसता सर्किट बोर्डावर डाग देऊन बसवलाय. बाहेरून नट नाही, डब्याचा आधार नाही. केबलला बसणारा प्रत्येक हिसका थेट त्या डागांवर. भर कार्यक्रमात डावीकडचा आवाज गेला, मग खर्रखर्र सुरू झाली, आणि साउंडवाला मीच काहीतरी मोडल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

स्वस्तात काटछाट होणार, हे मलाही कळतं. पट्ट्या लहान द्या, आफ्टरटच (दाबलेली पट्टी आणखी दाबून आवाज बदलायची सोय) देऊ नका, एका वेळी चारच सूर वाजू देत. माझी तक्रार नाही. पण काटकसर कुठे करायची याला काही धरबंध? आतला फिल्टर (आवाजाचा पोत घडवणारा भाग) इतका गोड आहे की ऐकत राहावं, आणि तो आवाज ज्या भोकातून बाहेर यायचा तेच कच्चं! पुण्याच्या तपकीर गल्लीत नटवाला पाव इंची जॅक चहा-वड्याच्या पैशात मिळतो. हजारोंनी घेणाऱ्या कंपनीला तो जड जातो?

पॉवरची तीच रड. फक्त यूएसबी. लॅपटॉपवरून पॉवर घेतली आणि आवाजही त्याच लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपात घेणाऱ्या डबीत) दिला, की 'चीं' सुरू. माउस हलवला की त्या चीं-चा सूरही बदलतो. पॉवरची ग्राउंड आणि ऑडिओची ग्राउंड मिळून फेरा पूर्ण होतो आणि लॅपटॉपच्या पोटातली सगळी कचकच त्यातून स्पीकरवर येते. 'पॉवर बँक लाव' असं लोक म्हणाले. लावली. सिंथ इतका कमी करंट ओढतो की फोन चार्ज झाला असं समजून पॉवर बँक आपोआप बंद होते. गाण्याच्या मधोमध! सेव्ह न केलेला पॅटर्नही गेला.

मिडीने, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीने, तर डोकंच फिरतं. 1983 पासून पाच पिनांचं एकच सॉकेट, कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राला लागायचं. जागा वाचवायला तिथेही 3.5 चा जॅक आणला, आणि कुणी टिप-रिंग (प्लगचं टोक आणि त्यामागचं कडं) एका पद्धतीने जोडली, कुणी बरोबर उलटी. 2018 मध्ये एकच जोडणी प्रमाण ठरली, पण आधीची यंत्रं आहेतच की. 3.5 वरून पाच पिनांवर नेणारे दोन कन्व्हर्टर दिसायला सारखे, एक चालतो, दुसरा मुका. आणि तो खोक्यात मिळतही नाही, वेगळे पैसे मोजून घ्यायचा.

सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणे, जॅक सुटा मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल. खर्च सिंथच्या जवळजवळ निम्मा! चिमूटभर धातूसाठी अख्खा बोर्ड?

शेवटी काल डब्याला ड्रिलने भोक पाडलं, आतून वायर काढली आणि नटवाला जॅक आवळून बसवला. वॉरंटी गेली तर गेली. गणपतीत दहा दिवस वाजवायचंय मला.