प्रतिक्रियेला उत्तर : कापलेला बकरा आणि सोडलेला बकरा

प्रायश्चित्तावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. सुरुवातच ‘बायबलची दोन पानं उलटली असतीत तर हा पाद्रीछाप गोडवा लिहिला नसता’ अशी. मुद्दे तीन : यहुदी लोक बकऱ्यावर पाप लादून त्याला कापत आणि ख्रिस्ती लोकांनी तेच येशूला चिकटवलं; रक्ताशिवाय क्षमा नाही हे हिब्रू ग्रंथाला धरून नाही; बायबलातल्या यशयाच्या 53व्या अध्यायातला, इतरांसाठी दुःख सोसणारा सेवक म्हणजे येशू नव्हे, इस्राएल.

महाशय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘पाद्रीछाप’ म्हटल्यानं मुद्द्याला वजन येतं असं वाटत असेल, तर तसं होत नाही. लेवीय, म्हणजे हिब्रू बायबलातला यज्ञ-अर्पणांच्या नियमांचा ग्रंथ, मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय, हिब्रू पाठ समोर ठेवून. पानं उलटायची गरज कोणाला होती ते आता पाहू, कारण आपलं पहिलंच वाक्य लेवीय 16 मध्ये टिकत नाही.

प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे सातव्या महिन्याचा दहावा. लोकांकडून पापार्पणासाठी दोन बकरे येतात, मुख्य याजक (पुरोहित) चिठ्ठ्या टाकतो : एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात पाठवायचा. आधी तो स्वतःच्या आणि घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा कापतो. मग वेदीवरचे निखारे धुपाटण्यात घेऊन, दोन ओंजळी कुटलेला धूप घेऊन पडद्याआड जातो. धुराने दयासन, म्हणजे तिथल्या पवित्र पेटीवरचं झाकण, झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर तो मरेल असं स्पष्ट लिहिलंय. मग गोऱ्ह्याचं रक्त बोटाने दयासनाच्या पूर्वेकडच्या बाजूवर आणि त्याच्यापुढे सात वेळा. त्यानंतर परमेश्वराच्या वाट्याचा बकरा कापायचा आणि त्याचंही रक्त तसंच शिंपडायचं. कशासाठी? वचन 16 सांगतं : पवित्रस्थानासाठी, कारण लोकांच्या अशुद्धतेने ते विटाळलं आहे. या बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून पापं कबूल केल्याचा उल्लेख अध्यायात कुठेही नाही.

हे सगळं उरकल्यावर दुसरा, जिवंत बकरा पुढे येतो. याजक दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून लोकांचे अपराध उच्चारतो आणि तो बकरा रानात सोडला जातो. म्हणजे पाप ज्याच्यावर लादलं तो कापला जात नाही, आणि कापला जातो त्याच्यावर पाप लादलेलं नाही. आपण दोघांचा एकच बकरा केलात! मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या नंतरच्या संग्रहात, दुसऱ्याला कड्यावरून ढकलल्याचं वर्णन आहे, ठाऊक आहे मला. पण ती नंतरची पद्धत, आणि तिथेही त्याचं रक्त वेदीपर्यंत येत नाही. शिवाय सामान्य माणसाच्या पापार्पणाचं मांस लेवीय 6 परमपवित्र ठरवतं आणि याजकाने ते पवित्र जागी खायचं असतं. पापाने भरलेलं मांस कोणी परमपवित्र म्हणून खातं का?

नव्या करारातले लेखक हा फरक जाणतात. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या 3:25 मध्ये, ग्रीक बायबलात दयासनाला असलेलाच शब्द येशूला लावतो. इब्री लोकांस पत्राच्या 13व्या अध्यायात अशा कापलेल्या पशूंची छावणीबाहेर जाळलेली शरीरं आणि येशूने वेशीबाहेर सोसलेलं दुःख यांची सांगड आहे. अजाजेलाच्या बकऱ्याचं नाव नव्या करारात कोणी काढत नाही. तो येशूशी जोडतं ते बर्नबाचं पत्र, नव्या कराराबाहेरचं नंतरचं ख्रिस्ती लिखाण.

रक्ताचा मुद्दा मात्र काही अंशी मान्य. दोन पारवे आणायचीही ऐपत नसलेल्याला लेवीय 5:11 एफाचा (धान्याचं जुनं माप) दहावा हिस्सा सपीठ आणू देतं, म्हणजे साधारण दोन लिटर. त्यात तेल नाही, धूप नाही. मूठभर वेदीवर जाळायचं, आणि क्षमा होते. पण ‘रक्ताशिवाय क्षमा नाही’ हे इब्री 9:22 उद्धृत करताना आपण त्याच वचनातलं, रक्ताने ‘बहुतेक सर्व’ शुद्ध होतं, हे गाळलंत, हे लक्षात आलं बरं का.

यशया 53 वर इथे वाद घालत नाही. मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशींनी सेवक म्हणजे इस्राएल असं वाचलं, नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प या प्रचारकाने येशू. दोन्ही वाचनं जुनी आहेत, प्रतिक्रियेच्या चौकटीत मिटणारी नाहीत. वचन 10 सेवकाच्या जिवाला दोषार्पण (दोषाबद्दल वाहायचं अर्पण) म्हणतं, त्यावर बोलायचंच असेल, तर आधी लेवीय 5:16 मधली भरपाई बघून या : जे बुडवलं ते पूर्ण, वर पाचवा हिस्सा, आणि मग मेंढा.