ह. मु. नाशिक

नाशकात कुणाशी दोन मिनिटांच्या वर बोलणं झालं की प्रश्न येतोच. "तसे तुम्ही मूळचे कुठले?"

यातला 'तसे' फार कामाचा. नुसतं 'मूळचे कुठले?' पोलीस विचारतात. 'तसे' लावलं की चौकशीची आपुलकी होते, आणि आपुलकीला 'तुम्हाला काय करायचंय' असं म्हणता येत नाही.

मी सांगतो, "इथलाच."

"ते झालंच हो. पण मूळचे?"

म्हणजे 'इथलाच' हे उत्तर धरतच नाहीत. समोरचा भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो आणि आरामात उभा राहतो. त्याला आता घाई नसते.

माझी अडचण अशी. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे आणि सुरुवातीला पारोळा. पण पारोळ्यात आमचं काहीही नाही. घर नाही, शेत नाही, भाऊबंद नाहीत, भांडायला बांधसुद्धा नाही. बोरी नदी पारोळ्याहून अमळनेरकडे जाते, तिच्या मागोमाग आमचे कोणी पूर्वज गेले आणि अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात थांबले. शेत तिथे. आईचं माहेर बागलाणातलं आणि पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माझा जन्म सटाण्याचा. आप्पा सातपूरच्या कारखान्यात लागले, सिडकोत घर घेतलं, आणि पुढची माझी शाळा, नोकरी, लग्न, हप्ते सगळं नाशकात. आडनाव एका गावचं, सातबारा दुसऱ्या गावचा, जन्मदाखला तिसऱ्या गावचा आणि घरपट्टी चौथ्या गावची.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुसुमाग्रजांचं बघा. जन्म पुण्याचा, आडनाव शिरवाडकर म्हणजे निफाडकडच्या शिरवाड्याचं, आणि ते नाशिकचे याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. फक्त त्यासाठी आधी १९८७ चं ज्ञानपीठ मिळवावं लागतं. आमच्याकडे सिडकोच्या घराचे कागद आहेत, तेवढ्यावर भागत नाही.

या 'कर'चाही एक न्याय आहे. गावात राहून गावाचं आडनाव लागत नाही. सगळं गावच पारोळ्याचं असताना एकट्यालाच पारोळेकर कोण म्हणणार? गाव सोडलं की दुसऱ्या गावचे लोक ते चिकटवतात. म्हणजे 'कर' हा तुम्ही तिथले असल्याचा पुरावा नसून तिथून निघाल्याचा आहे. हे मी एकदा एका घरमालकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे. पण मूळचे?"

घरमालकांचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. सिडकोतलं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा काही महिने भाड्याच्या घराची गरज पडली. एजंटने कॉलेज रोडच्या बाजूला एक फ्लॅट दाखवला. मालक गॅलरीत बसले होते. भाड्याबद्दल एक अक्षर नाही. थेट मूळ.

"अमळनेर तालुका," मी म्हटलं.

"अच्छा, खान्देश. म्हणजे पाहुणे असतील."

मी म्हटलं, पाहुणे सगळ्यांकडेच असतात. ते म्हणाले, "आमच्याकडे कळवून येतात."

मग आडनाव विचारलं. ते ऐकून त्यांची पंचाईत झाली, कारण पारोळ्यात सगळ्या जातीचे लोक राहतात आणि बाहेर पडल्यावर 'कर' कुणालाही चिकटतो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुलदैवत?" मी म्हटलं, धुळ्याची एकवीरा. तिथेही काही हाती लागेना, कारण एकवीरेला अर्धा खान्देश जातो. मग, "श्रावण पाळता का?" मग, "लग्नात तुमच्यात हळद आदल्या दिवशी की त्याच दिवशी?" एवढा वळसा घालण्यापेक्षा जात सरळ विचारली असती तर दोघांचाही चहा गरम राहिला असता. पण तसं विचारणं असभ्य, आणि आम्ही सगळे सुशिक्षित. म्हणून मराठी माणसाने या कामासाठी भूगोल ठेवला आहे. फ्लॅट मिळाला नाही. एजंट म्हणाला, मालकाचा विचार बदलला. तो कशामुळे बदलला हे त्यालाही कळलं होतं आणि मलाही. त्याने पुढचा फ्लॅट दाखवताना रिक्षाचे पैसे स्वतः दिले.

जुन्या नाशिकची परीक्षा वेगळीच. तिथे सिडको, सातपूर, इंदिरानगर हे सगळं 'बाहेर' मोडतं. सकाळी फिरायला येणारे एक काका आहेत, त्यांच्या मते नाशिककर ओळखायच्या तीन खुणा. तो 'नाशिकमध्ये' म्हणत नाही, 'नाशकात' म्हणतो. गोदावरीला गंगा म्हणतो आणि पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते विचारतो. आणि त्याने रंगपंचमीला रहाडीत उडी मारलेली असते. रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, पेशवाईपासूनचा. वर्षभर बुजवून ठेवतात, रंगपंचमीला उघडून रंगाने भरतात. पहिल्या दोन खुणांत मी पास झालो. तिसरीत अडकलो, कारण आईने मला कधी शनि चौकातल्या रहाडीपर्यंत जाऊच दिलं नाही. "मग राहू द्या," काका म्हणाले. सरकार महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेल्या माणसाला अधिवासाचा दाखला देतं. शनि चौक देत नाही.

पुढे याच काकांकडून सहज कळलं की त्यांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले. मी विचारलं, "म्हणजे तसे तुम्ही मूळचे कोकणातले?" त्या दिवसापासून ते ट्रॅकवर उलट्या दिशेने चालतात.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. नाशिक जिल्ह्याने ही म्हण मनावर घेतली असती तर निम्मी वर्दळ कमी झाली असती. इथे तर नदीचं मूळ दाखवण्यावरच त्र्यंबक उभं आहे. तेही एक नाही. ब्रह्मगिरीवर जा, तिथे सांगतात गोदावरी इथे उगम पावली. मग ती गुप्त झाली आणि गंगाद्वाराला प्रकटली. तिथूनही गुप्त झाली, मग गौतम ऋषींनी कुशावर्तात कुशांनी अडवली. म्हणजे तिलाही कुणी 'मूळची कुठली गं तू' विचारलं तर तीन पत्ते सांगावे लागतील, आणि वर कथा अशी की ती शंकराच्या जटेतून आली. एवढं असून पुढे १,४६५ किलोमीटर, थेट आंध्रातल्या समुद्रापर्यंत, तिला कुणी अडवून कुलदैवत विचारत नाही.

गावाचंच बघा ना. कृतयुगात पद्मनगर, त्रेतात त्रिकंटक, द्वापारात जनस्थान. मोगलांनी गुलशनाबाद केलं, पेशव्यांनी पुन्हा नाशिक. नाशिक का? तर एक म्हणतो लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून, दुसरा म्हणतो नऊ शिखरांवर वसलं म्हणून. ज्या गावाला आपल्या नावाचं मूळ नाकात की टेकडीवर हे ठरवता आलेलं नाही, ते गाव मला थांबवून विचारतं.

आणि ही सवय आजची नाही. पांडवलेण्यांत जा. पर्यटक बहुतेक पायऱ्यांचे आकडे मोजतात आणि फोटो काढतात, पण भिंतीवरचे लेख वाचणाऱ्याला गंमत दिसते. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली असतील, सतराव्या लेण्याच्या दात्याने कोरून ठेवलंय: उत्तरेकडचा, दातामित्रीचा, यवन (म्हणजे ग्रीक), धर्मदेवाचा मुलगा, इंद्राग्निदत्त. डोंगर फोडून अख्खं लेणं दान दिलं, तरी दिशा, गाव, जमात, बापाचं नाव, सगळे रकाने भरून घेतले आणि मगच त्याचं नाव आलं. दहाव्या लेण्यातला उषवदात तर दानधर्मात कुणाला ऐकणारा नव्हता. पण तोही आधी क्षत्रप नहपानाचा जावई आहे, मग दीनिकाचा मुलगा, आणि मग उषवदात. सासऱ्याच्या नावावर माणूस ओळखायची पद्धतही इथलीच म्हणायची.

या सगळ्यात प्रामाणिकपणे हा प्रश्न विचारणारी एकच जागा मला ठाऊक आहे, रामकुंड. तिथले तीर्थोपाध्याय 'मूळ गाव कोणतं?' विचारतात ते त्यांना खरंच हवं असतं. त्यांच्या वह्या गावावर आणि आडनावावर लावलेल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या कोण आलं, कुणासाठी आलं, बरोबर कोण होतं, सगळं त्यात. चुलत आजोबांच्या दशक्रियेला आम्ही गेलो तेव्हा गुरुजींनी अमळनेर तालुका ऐकून आतून एक लांबट वही आणली आणि आमच्या खापरपणजोबांचं नाव काढून दाखवलं. आप्पांचे डोळे भरून आले. मोडीतला मजकूर होता, गुरुजी वाचत गेले. नाव, भाऊ, मुलगे, आणि मग 'मूळ राहणार' असं म्हणून त्यांनी गुजरातेकडचं कुठलंसं गाव वाचलं.

पारोळा नाहीच.

आप्पा बराच वेळ वहीकडे बघत राहिले. दक्षिणा दिली, पाया पडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "गुरुजींना मोडी नीट येत नसेल."

आजीच्या तोंडी हा शब्द निराळ्याच अर्थाने असायचा. "मूळ आलं का?" म्हणजे सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस आलं का. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुऱ्हाळी येतो, बहिणीला घेऊन जातो. आई सिडकोतल्या खोलीत आखाजीच्या आधी चार दिवस कान दाराकडे लावून बसायची. मामा एसटीने यायचा, डाळिंबांची पिशवी दारात आपटायचा आणि पाणी पिता पिता शेजाऱ्यांना विचारायचा, "तुम्ही मूळचे कुठले?"

हा मामा आज बागलाणातला पट्टीचा द्राक्षवाला आहे, सगळ्यांच्या आधी माल काढणारा. त्याच्यासमोर मी एकदाच हा विषय काढला. बागेत उभे होतो. खाली जमिनीतून आलेलं खोड डॉगरिजचं, म्हणजे अमेरिकेतल्या टेक्ससकडच्या वेलाचं. पाणी खारं असलं, दुष्काळ पडला तरी तग धरतं म्हणून आणलेलं. त्यावर कलम थॉमसनचं. हा थॉमसन कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेला, आणि त्याचीही जात त्याआधीची इराण-तुर्कस्तानाकडची. मी म्हटलं, "मामा, याचं मूळ एका देशातलं, वेल दुसऱ्या देशातला, नाव तिसऱ्याच माणसाचं. आणि पेटीवर आपण छापतो नाशिकची द्राक्षं?"

मामाने एक घड हातावर तोलला. "भाचा, बाजारात याला भाव काय ते विचारतात. याला कुणी सोयरीक विचारत नाही."

खुद्द मूळ गावात माझी गत काय, तेही सांगतो. यात्रेला गेलो की पारावरचं एखादं पोरगं विचारतं, "कोन गावना शेतस भाऊ?" आप्पा अहिराणीत त्याच्या आज्यापर्यंतची ओळख काढून त्याला गप्प करतात. मला मात्र तिथे 'नाशिकवाला' म्हणतात, आणि भाजीला तिखट कमी घालतात. पुण्यात गेलो तर नाशिकचा म्हटल्यावर लोक मिसळ आणि वाइन यांखेरीज काही विचारत नाहीत. पुणेकरांचं एक बरं असतं, पुण्याबाहेरचा म्हटलं की त्यांची चौकशी संपते.

आता मुलाचं लग्न ठरलंय, आणि हा सगळा घोळ पत्रिकेवर उतरला आहे. खान्देशी पत्रिकेचा साचा ठरलेला. मु. पो. अमुक, ता. अमळनेर, जि. जळगाव, आणि खाली कंसात ह. मु. नाशिक. ह. मु. म्हणजे हल्ली मुक्काम. आप्पा कारखान्यात लागले तेव्हापासून आमचा मुक्काम हल्ली आहे. निवृत्त झाले, सिडकोतल्या घराचा स्लॅब एकदा गळून पुन्हा घातला, तरी हल्लीच. माझी हयात गेली, पण ती 'हल्ली'त धरलेली आहे.

मुलगा बंगळुरूला असतो. म्हणजे त्याच्या नावाखाली मूळ गाव, मग ह. मु. नाशिक, मग ह. मु. बंगळुरू. छापखानेवाला हिशोबी माणूस. मजकूर दोनदा वाचून म्हणाला, "साहेब, एका नवऱ्याला दोन ह. मु. मी आजवर छापले नाहीत. जागाही नाही. एक हल्लीचा ठेवा, एक मूळचा करा."

मी म्हटलं, "मग नाशिक मूळ करा."

त्याने केलं. खट खट बटणं दाबली आणि अमळनेर तालुका पडद्यावरून गेला. शनि चौकाने जे दिलं नाही ते आमच्या घराण्याला ओळीतल्या जागेअभावी मिळालं. मी प्रूफ घेऊन घरी आलो. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि एक शब्द न बोलता गावी काकांना फोन लावला. काकांचं म्हणणं मला स्पीकर न लावताही ऐकू आलं. शेवटी आतलं एक पान वाढवायचं ठरलं. कागदाचे पैसे वाढले. त्या पानावर आता पारोळ्यापासून पुढचं सगळं यायचंय, गुजरातचं मात्र कुणी नाव काढलेलं नाही.

मुलीकडचा मजकूर अजून आलेला नाही. काल व्याह्यांना आठवण केली, तर म्हणाले, "देतो हो, दोन दिवस द्या. आमचं जरा किचकट आहे."