गाणी आधीच लिहून झाली होती

'मेमेंटो मोरी' हा डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा अल्बम त्यांच्यातल्याच अँडी फ्लेचरच्या मृत्यूवरचा आहे, म्हणूनच चाहते हेलावले, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. फ्लेचर मे २०२२ मध्ये गेला. तोवर बरीचशी गाणी लिहून झाली होती, अल्बमचं नावही ठरलं होतं. बँडचा गीतकार मार्टिन गोर करोनाच्या काळातच हे सगळं लिहीत होता. चार गाण्यांच्या लेखनात 'सायकेडेलिक फर्स' बँडचा गायक रिचर्ड बटलर त्याच्या जोडीला होता, त्याचा तर तुम्ही साधा उल्लेखही केलेला नाही!

आम्ही नाशिकचे चार-पाच चाहते इंदिरानगरला एका मित्राच्या घरी जमून ऐकत बसलो, तेव्हा भिडला तो बँडचा साठीला आलेला गायक डेव्ह गाहन याचा आवाज. आणि सिंथ, म्हणजे सिंथेसायझर! १९९५ मध्ये अ‍ॅलन वाइल्डर बँडमधून बाहेर पडल्यापासून इतका भरीव सिंथ आमच्या कानांवर पडला नव्हता.