वॉरंटीचं सोवळं

नवा फोन घेतलात? पेढे वाटा, पूजाही करा. फक्त कुंकू लावताना बोट ओलं नको, वॉरंटी विटाळते.

वॉरंटीचा अर्थ साधा आहे. कारखान्यात चुकलं असेल तर कंपनी निस्तरणार, तुमच्या हातून घडलं असेल तर तुम्ही. आणि बिघडतेवेळी फोन तुमच्याच हातात असतो, त्यामुळे वादाला फारशी जागा उरत नाही. म्हणून वर्षभर तो खोक्यातच ठेवा. मुदत संपली की मनसोक्त वापरा.

माझं चुकलं, मी वापरला. चार्ज होईना म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. पोरानं सिमचा ट्रे काढला, खाचेत टॉर्च मारला. आत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. माझा हळदीकुंकवाला निघालेला.

"काका, लिक्विड डॅमेज."

"अहो, पाण्यात पडलाच नाही."

"पावसात बोलला असाल."

जुलै महिना, ठाणे स्टेशन. न बोलून सांगतो कोणाला? वर कोपऱ्यावरचा पोचा दिसला, म्हणजे 'फिजिकल डॅमेज'ही झालं. मदरबोर्ड बदलायचे अठरा हजार. फोन बावीसचा.

तेव्हा जाहिरातीत फोन तलावात पोहताना दिसला तर कौतुकानं बघा, पण स्वतःचा पोहायला घालू नका. आयपी68, म्हणजे धूळ-पाण्यात टिकण्याचा शिक्का, ही फोनची पदवी आहे, वॉरंटीची नव्हे. इटलीवाल्यांना हे पटलं नाही. पाण्यात टिकतो म्हणायचं आणि पाण्यानं बिघडला की हात वर करायचे, म्हणून त्यांनी 2020 साली अ‍ॅपलला 1 कोटी युरोंचा दंड ठोकला. पाण्यातल्या फोनच्या जाहिरातींपायीच ऑस्ट्रेलियात 2022 साली सॅमसंगला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. आपण असले भांडकुदळ नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर म्हणूनच पाठ करू नका. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही शेजाऱ्यांना सांगू नका. दुरुस्तीला देताना पुढे केलेल्या कागदावर, म्हणजे जॉबशीटवर, न वाचता सही करा, बारीक अक्षरांनी डोळे दुखतात.

भिजलेला फोन तांदळात पुरा. असं करू नका, कण आत जातात, असं 2024 मध्ये अ‍ॅपलनंच सांगितलं. पण त्यांना आंबेमोहोर कुठे माहीत!

अपघाती नुकसानीचा वेगळा प्लॅन मिळतो, तो फोन पडल्यावर आठवावा. तोवर घ्यायची मुदत बहुधा गेलेली असते, म्हणजे पैसेही वाचतात.

मी शेवटी गल्लीतल्या दुकानात गेलो. बाहेर उघडला की उरलीसुरली वॉरंटीही जाते, पण माझी आधीच बाटली होती. त्या पोरानं ब्रशनं पोर्ट घासला, आतून कापसाचा बोळा निघाला. खिशातला. फोन चार्ज व्हायला लागला. दीडशे रुपये.

"वॉरंटी?" मी सवयीनं विचारलं.

"दुकानाची पायरी उतरेपर्यंत."