स्टार विका, भविष्य घ्या

अभिनंदन! तुम्ही एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, एका संघाचे जनरल मॅनेजर झालात; कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला द्यायचा हे आता तुम्ही ठरवणार. म्हणजे तुमच्या टेबलावर एक स्टार खेळाडू आला आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही आला: याला विकून सगळं नव्याने उभारायचं, की याच्याभोवतीच आणखी एकदा जुळवाजुळव करायची? जाणकार सांगतील, त्याचं वय बघा, गुडघे बघा, पगार बघा. बघा हवं तर. पण त्याआधी तुमचा स्वतःचा करार किती वर्षांचा उरलाय ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

करार संपत आला असेल तर स्टारला हात लावू नका. उलट, पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क) देऊन आणखी दोन नावाजलेले खेळाडू आणा. ब्रुकलिनने 2013 मध्ये हेच केलं. बॉस्टनकडून 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि 35 वर्षांचा पॉल पिअर्स घेतले, बदल्यात 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीतले पिक दिले. मधली वर्षं सुटली ती दया म्हणून नव्हे. क्लीव्हलँडचे एकेकाळचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक इतके उधळले होते, की पहिल्या फेरीतले पिक पुढच्या लागोपाठच्या वर्षांसाठी देता येणार नाहीत असा नियमच लीगला करावा लागला. पण नियम आला की पळवाटही येते. 2017 चं पिक 'दिलं' नाही, फक्त 'अदलाबदलीचा हक्क' दिला: बॉस्टनला हवं तर आपलं पिक ब्रुकलिनच्या पिकाशी बदलून घेता येईल. त्या ड्राफ्टमध्ये ब्रुकलिनचा नंबर पहिला आला आणि बॉस्टनने तो हक्क बजावला. त्या सौद्यातून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि पुढे जेसन टेटम मिळाले. 2024 चं विजेतेपद त्यांनी याच दोघांच्या जोरावर जिंकलं. सौदा करणारे ब्रुकलिनचे जनरल मॅनेजर बिली किंग ब्राउनची निवड होण्याआधीच, 2016 च्या जानेवारीत, पदावरून दूर झाले होते. ड्राफ्टच्या पिकात आणि शेतातल्या पिकात फरक ऱ्हस्व-दीर्घाचाच. पेरणारा एक, कापणारा दुसरा.

करार ताजा असेल तर मात्र बिनधास्त संघ मोडा. फक्त 'मोडतोय' म्हणू नका, 'पुनर्बांधणी' म्हणा. स्टारच्या जागी 2029 चं पिक आणलंत, 2031 चं आणलंत, तर कोण तुम्हाला बोलेल? 2031 मध्ये निवडला जाणारा मुलगा आज शाळेच्या मैदानावर घाम गाळत असेल. त्याच्यात खोट कशी काढणार? बिचारा अजून एनबीएचा एकही सामना हरलेला नाही.

आता हरायला शिका, कारण जास्त हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये आधी निवडायची संधी जास्त. याबाबतीत फिलाडेल्फियाचे तेव्हाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी हे आद्य गुरू. 2013 पासूनच्या तीन हंगामांत त्यांच्या संघाने 19, 18 आणि 10 सामने जिंकले, 199 हरले. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढा तोटा दाखवला असता तर भागधारकांनी खुर्च्या फेकल्या असत्या. इथे प्रेक्षक 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' म्हणून घोषणा देऊ लागले. प्रशिक्षकाला हरायला सांगायची गरजच नसते. जिंकू शकतील अशी माणसं त्याच्या हाताशी ठेवायची नाहीत, एवढी काळजी घेतली की तो बिचारा मनापासून प्रयत्न करतो आणि मनापासून हरतो.

एवढं हरून मिळतं काय? ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचं तिकीट. आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. 1 ते 14 आकडे लिहिलेले पिंगपाँगचे चेंडू हवेच्या यंत्रात सोडतात. वीस सेकंद ते घुसळले की पहिला चेंडू वर येतो, मग दहा-दहा सेकंदांनी आणखी तीन. चार आकड्यांच्या 1001 जोडण्या होतात, त्यातली एक बाद, उरलेल्या हजार जोडण्या संघांमध्ये वाटलेल्या. संघांचे प्रतिनिधी बंद खोलीत, फोन जमा करून, चेंडूंकडे बघत बसलेले असतात. कोट्यवधी डॉलरच्या संघाचा, आकडेतज्ज्ञांच्या फौजेचा आणि हंगामभर सोसलेल्या शिव्यांचा निकाल मिनिटाभरात लागतो.

पूर्वी सगळ्यात वाईट संघाला पहिल्या क्रमांकाची शक्यता 25 टक्के होती. 2019 पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्के केली. डेट्रॉइटने 2022-23 मध्ये 65 सामने गमावून तळ गाठला, वाट्याला पाचवा क्रमांक. पुढच्या वर्षी जास्त जिद्दीने 68 गमावले, त्यात सलग 28. पुन्हा पाचवा. त्याच्या पुढच्या वर्षी 65 पराभवांसह युटा तळाला होतं. तेही पाचवंच. तळाच्या संघाला यापेक्षा खालचा क्रमांक मिळूच शकत नाही, हे पत्रकार परिषदेत आवर्जून सांगा. ऐकायला आश्वासक वाटतं.

मग त्या 2025 च्या लॉटरीत पहिला कोण आला? डॅलस. हजारातल्या अठरा जोडण्या, म्हणजे 1.8 टक्के. याच डॅलसने तीन महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मध्यरात्री, 25 वर्षांचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाला देऊन टाकला होता. आदल्याच जूनमध्ये ज्याने संघाला अंतिम फेरीत नेलं, तोच. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं हॅक झालंय असंच लोकांना आधी वाटलं. बदल्यात आले 31 वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीतलं एकुलतं एक पिक, 2029 चं. बचाव विजेतेपदं जिंकून देतो, असं कारण डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांनी दिलं. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. मैदानात 'निकोला काढा'च्या घोषणा घुमल्या, आणि मग तो चेंडू वर आला, पहिल्या क्रमांकाचा कूपर फ्लॅग हाती लागला. आता कोण म्हणेल की योजना नव्हती? प्रेक्षकांनी मात्र म्हटलं, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये हॅरिसन घरी गेले. चेंडूने संघाला तारलं. जनरल मॅनेजरसाठी त्या यंत्रात एकही चेंडू नसतो.

कुणीतरी ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण पुढे करेलच. त्यांनी 2019 मध्ये पॉल जॉर्ज विकून क्लिपर्स संघाकडून पाच पिक, दोन अदलाबदली आणि शे गिल्जस-अलेक्झांडर मिळवला. एका पिकातून जेलन विल्यम्स आला आणि 2025 मध्ये ते विजेते झाले. हे उदाहरण सादरीकरणात जरूर घाला, फक्त दोन गोष्टी गाळा. एक, शे भविष्यातला नव्हता, तेव्हा एक हंगाम खेळून झालेला हाडामांसाचा खेळाडू होता. दुसरी, त्यांचे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी त्या खुर्चीवर 2007 पासून आहेत. मधल्या एका हंगामात 22 आणि पुढच्यात 24 विजय मिळाले, तरी मालकाने त्यांना हलवलं नाही. असा मालक कुठल्याही सौद्यात बदलून मिळत नाही. (मी स्वतः स्टार ठेवला असता. पण मला कुणी हे पद दिलेलं नाही, याची नोंद घ्या.)

शेवटचं काम पहिल्याच दिवशी उरकून टाका: राजीनामा लिहा. हिंकींनी 2016 च्या एप्रिलमध्ये तेरा पानी पत्र लिहून पद सोडलं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जोएल एम्बीड त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये पहिला सामना खेळला. पुढे 2018 ते 2024 अशी सलग सात वर्षं संघ प्लेऑफमध्ये पोचला आणि दुसऱ्या फेरीपलीकडे एकदाही गेला नाही. तुम्हाला तेरा पानं लागणार नाहीत, दोन पुरे. तारखेची जागा मोकळी ठेवा. आणि 2031 चं पिक नेमकं कुणाकडे गेलंय ते त्यात लिहू नका, नव्या माणसाला पहिला आठवडाभर काहीतरी काम हवं.