कीबोर्ड वॉरंटीत आहे ना? मग आता जामिनाचं बघा

लॅपटॉपचं 'ए' बटण चालेनासं झालंय, वॉरंटी संपायला अजून बरेच महिने आहेत, आणि म्हणून तुम्ही निवांत आहात. छान. घेताना दुकानदार म्हणाला होता "एक वर्ष कंपनी वॉरंटी आहे साहेब, टेन्शनच नाही", तेव्हा टेन्शन नेमकं कोणाला नाही हे तुम्ही विचारलं नव्हतं. त्याला नाही.

तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की कंपनीने खराब माल दिला आणि आता ती तो बदलून देणार. प्रकरण असं नाहीच मुळी. प्रकरण असं आहे की एक बटण मेलंय, मेलं तेव्हा ते तुमच्या ताब्यात होतं आणि शेवटचं बोट त्याच्यावर तुमचंच पडलं होतं. आता बोला. कस्टमर केअरला तुम्ही तक्रारदार म्हणून फोन लावता आणि पहिल्या पाच मिनिटांत आरोपी होता, हे एकदा स्वीकारलंत की पुढचं सगळं सोपं जातं.

फोन लागला की पलीकडचा पोरगा फार गोड बोलेल, त्याला बोलू द्या. "लॅपटॉप रिस्टार्ट करून बघितला का सर?" बघितला असला तरी बघितला म्हणू नका, परत करा, कारण त्याच्या स्क्रीनवर त्या पायरीला टिक पडल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही आणि तुम्ही कितीही हुशार असलात तरी टिक त्याच्याच हातात आहे. मग ड्रायव्हर काढून परत टाकायचा, मग बायोस (विंडोजच्याही आधी जागा होणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम) अपडेट, मग परत रिस्टार्ट. मध्येच तो फिल्टर कीज चालू झाल्यात का ते बघायला सांगेल, हे मात्र खरंच बघा हां, उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की ते आपोआप चालू होतं आणि बटणं मेल्यासारखी वागायला लागतात, घरात लहान मूल असेल तर विशेष करून. पण बायोसच्या स्क्रीनवरसुद्धा 'ए' उमटत नसेल, जिथे विंडोज अजून जागंही झालेलं नसतं, तर दोष ड्रायव्हरचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. हे त्याला सांगा. तो म्हणेल, "तुमची गैरसोय मी समजू शकतो सर", आणि पुढची पायरी सांगेल की विंडोज फॉरमॅट मारा. एका बटणासाठी अख्खा डेटा. मारा.

बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून चालतो का तेही विचारतील. चालतो म्हणालात तर "मग तोवर तो वापरा ना सर", नाही म्हणालात तर "मग मदरबोर्ड असेल सर". दोन्ही उत्तरं तुमच्याच विरोधात जातात तेव्हा लाइन कट झाल्याचं नाटक करायला हरकत नाही.

आणि लॉगिनच्या पासवर्डमध्येच नेमकं ते बटण असेल (असतंच), तर स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तो छोटा माणूस असतो त्याच्यावर क्लिक करून ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडता येतो. पुढच्या वेळी मात्र पासवर्ड ठेवताना कुठलं बटण पुढे मरणार आहे याचा विचार करूनच ठेवा.

आपल्या मराठी लोकांना तर यात स्पेशल सवलत आहे. रोमनमधून टाइप करणाऱ्याचा 'ए' गेला की नुसत्या नमस्कारात तीन खड्डे पडतात. इन्स्क्रिप्टवाल्यांना, म्हणजे थेट देवनागरी बटणांच्या मांडणीवर टाइप करणाऱ्यांना, वाटतं आपण सुटलो, पण त्यांचा 'डी' जाऊ दे एकदा. तिथे हलन्त असतो, तो गेला की एकही जोडाक्षर जुळत नाही, आणि तक्रारीच्या मेलमध्ये तुम्ही स्वतःची ओळख 'परामाणिक गराहक' अशी करून देता. तशीच पाठवा. पुरावा म्हणून याच्याइतकं काही चांगलं नाही, पण उत्तर येईल की कृपया समस्या स्पष्ट शब्दांत लिहावी.

आता कागदपत्रं. वेबसाइटवर सिरियल नंबर टाकला की कळेल की तुमची वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली. घाबरू नका, कंपनी अनेकदा माल डीलरकडे गेला तिथून दिवस मोजते, म्हणजे तुमचा लॅपटॉप गोडाऊनमध्ये खोक्यात झोपला होता ते महिनेही तुमच्याच वापरात धरलेले असतात. बिल अपलोड केलं की तारीख सुधारून मिळते. बिल आहे ना? जीएसटीवालं, पक्कं? की "बिल नको असेल तर थोडं कमी करून देतो" ऐकल्यावर १८ टक्के आठवले आणि चिठ्ठीवर भागवलंत? ज्यांच्याकडे पक्कं आहे त्यांनीही हुरळून जाऊ नये, थर्मल पेपरवरचं असेल तर ते आता कोरं झालंय, उजेडात तिरकं धरून बघा, जीएसटी नंबर कदाचित दिसेल. खोकं मात्र तुम्ही माळ्यावर नीट जपून ठेवलंय, थर्माकोलसकट. ते कोणीही मागत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना लॅपटॉप पुसून न्या. नाही, तसा नाही, फडकं मारून नाही. उलटा करून झटका, त्यातून जे काही पडेल (पोह्यातली मोहरी, चकलीचा चुरा, एखादी सहकुटुंब राहणारी मुंगी) ते सगळं तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं राहणार आहे. काउंटरमागचा इंजिनियर टॉर्च घेऊन बटणांच्या फटीत असा बघेल की कानात मळ शोधणारा डॉक्टर परवडला. त्याला चहा हवाय. प्यायला नव्हे, आत सांडलेला. काही लॅपटॉपमध्ये आत बारीकसे पांढरे स्टिकर असतात, ओल लागली की ते लाल किंवा गुलाबी होतात, आणि तो लाल ठिपका सापडला की त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो स्वतःच्या पोराच्या दहावीच्या निकालाला उमटला नसेल. मग जॉबशीटवर तीन अक्षरं पडतात, सीआयडी. दया वगैरे कोणी येत नाही, याचा अर्थ इतकाच की नुकसान कस्टमरने केलं, वॉरंटी गेली, एस्टिमेट देऊ का. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, तर हवेतली ओल कुठली आणि कपातली कुठली हे सिद्ध करायची जबाबदारी अर्थातच तुमची.

इथे एक जपा, आपल्याला काही कळतं असं दाखवू नका. खरं म्हणजे गोष्ट साधी आहे, बटणाखाली कात्रीसारखी प्लास्टिकची फ्रेम, तिच्या मधोमध रबराची बारकी टोपी, आणि त्याखाली एक पातळ पापुद्रा, ज्यात आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते. एकच बटण गेलं तर बहुतेक ती टोपी नाहीतर फ्रेम, आणि एका झटक्यात चारपाच बटणं गेली तर जाळीतली एखादी रेघ किंवा मदरबोर्डला जाणारी रिबन केबल. पण हे काउंटरवर बोललात की संपलं. "आधी कुठे उघडला होता का सर?" हा प्रश्न सहज विचारलेला नसतो, त्याची नजर तोवर खालच्या स्क्रूंकडे गेलेली असते.

आणि ते इतके सावध का असतात तेही समजून घ्या, त्यांचीही पोटापाण्याची सोय आहे. आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये बरेचदा कीबोर्ड वेगळा निघतच नाही, वरच्या पत्र्याला रिव्हेट मारून बसवलेला असतो, म्हणजे वाटाण्याएवढ्या रबरासाठी अख्खा टॉप कव्हर बदलावा लागतो. लॅपटॉप दोन मिलिमीटर बारीक दिसावा म्हणून हे ठरवलं कंपनीने, आणि त्याचं बिल कोणी भरायचं एवढ्यासाठी ही सगळी टॉर्च.

अजून एक ठरलेला प्रकार म्हणजे, घरी महिनाभर बंद असलेलं बटण काउंटरवर इंजिनियरने दाबलं की चालतं. लगेच शेरा, नो फॉल्ट फाउंड. म्हणून घरीच व्हिडिओ काढून ठेवा, चेहरा दिसू देऊ नका, फक्त बोट आणि स्क्रीन. जॉबशीटवर सही करण्याआधी ती वाचाही, तिथे 'बॉडीवर सर्वत्र स्क्रॅचेस' असं आधीच लिहिलेलं असतं, लॅपटॉप नवा कोरा असला तरी. हे भविष्य आहे, निमूट सही करा.

मोठ्या ब्रँडचा घेतला असता तर हे झालं नसतं, असं शेजारचे काका म्हणतील. त्यांना अ‍ॅपलचं सांगा. २०१५ ते २०१९ या काळातल्या मॅकबुकमधल्या बटरफ्लाय कीबोर्डमध्ये (कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी फ्रेम) धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचं किंवा एकाऐवजी दोनदा अक्षर उमटायचं. त्यावर कंपनीचा अधिकृत उपाय असा होता की लॅपटॉप ७५ अंशात धरा, डबाबंद हवेचा फवारा डावीकडून उजवीकडे मारा, मग लॅपटॉप कुशीवर वळवून परत मारा. ७५ म्हणजे ७५, कंपास पेटीतला कोनमापक काढा. शेवटी जून २०१८ मध्ये त्यांनी फुकट दुरुस्तीची योजना काढली, खरेदीपासून चार वर्षांपर्यंत, २०१९ च्या १६ इंची मॉडेलपासून जुन्या कात्रीवर परत आले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात ५ कोटी डॉलरवर तडजोड केली. ते पैसे तिथल्या सात राज्यांतल्या लोकांसाठी होते. सातारा त्यात नव्हता.

आता खचून जाऊन कोणी म्हणेल, सोडा हो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला द्या, तो तिथल्या तिथे बसवून देतो. देतो, खरंच देतो, चहाही पाजतो. पण एकदा त्याने स्क्रू फिरवला की पुढे स्क्रीन गेली, बॅटरी फुगली, काहीही झालं तरी कंपनीचं उत्तर एकच, बाहेर उघडलाय. म्हणून तिथे जाऊ नका. निदान वॉरंटी संपेपर्यंत तरी, आणि कंपनी ज्या वेगाने चाललीय ते बघता फार थांबावं लागणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वगैरेच्या नादी तर मुळीच लागू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे हे विसरून जा. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी तक्रार तुमच्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते, असल्या गोष्टी माहीत असणारा माणूस सराईत समजला जातो. शिवाय तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, वस्तू लॅबमध्ये तपासायला लागली तर पाच, आणि यातला 'प्रयत्न' हा शब्द मी घातलेला नाही. तरीही चुकून हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीत आणि तिचा नंबर कंपनीच्या मेलमध्ये टाकलात, तर इतके दिवस 'बॅकऑर्डर'मध्ये, म्हणजे 'स्टॉक संपलाय सर'मध्ये, असलेला पार्ट कधीकधी दुसऱ्या दिवशी भिवंडीहून निघतो. योगायोग असणार.

पार्ट आला, बसला, फोन आला, तुम्ही गेलात. कीबोर्ड नवा आहे, चकाचक. फक्त तो इंग्लंडचा आहे. जुन्यावर ४ च्या बटणावर रुपयाचं चिन्ह होतं, इथे ३ वर पाउंड छापलंय, आणि ते दाबलं की हॅश उमटतो. अ‍ॅट द रेट एन्टरच्या जवळ छापलंय, तिथे दाबलं की अवतरणचिन्ह येतं, खरं अ‍ॅट द रेट २ वर आहे, जिथे अवतरणचिन्ह छापलंय. तुम्ही हे इंजिनियरला दाखवता. तो शांतपणे एकेक बटण दाबून बघतो, सगळी उमटतात.

"सगळ्या कीज वर्किंग आहेत ना सर? मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा, केस क्लोज करतो. आणि फीडबॅकला दहा द्या हां, नऊ दिले की आमचे पैसे कापतात."