भाड्याचे चित्र आणि मुंबईचा पावसाळा
मूळ चित्र विकत घेण्याआधी काही महिने भाड्याने घरी लावून पाहावे, ही चित्रे भाड्याने घेण्याविषयीच्या तुमच्या लेखातील सूचना पटली. मात्र मुंबईत तो काळ पावसाळ्यातला असावा, म्हणजे भिंतीच्या ओलीचीही परीक्षा होईल, असे मी सुचवेन. १९५२ सालापासून सुरू असलेल्या जहांगीर कलादालनाच्या प्रशस्त भिंतीवर शांत वाटलेले चित्र दादरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली आणि टीव्हीशेजारी, अगदीच निराळे दिसते, हे खरेच. आम्ही एका ओळखीच्या चित्रकाराचे जलरंगातील निसर्गचित्र असेच तीन महिन्यांसाठी आणले होते. जुलैअखेरीस आकाशाच्या फिकट निळ्या भागात बुरशीचे तपकिरी ठिपके उमटले, कारण ती भिंत न्हाणीघराला लागून होती (हे आम्हाला आधी सुचायला हवे होते!) आणि माउंट (चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) नसल्यामुळे कागद थेट काचेला टेकलेला होता. नुकसान कोणी भरायचे, यावर करारात चकार शब्द नव्हता. शेवटी निम्मी रक्कम आम्ही दिली. त्यामुळे चित्र पुढे विकत घेतल्यास भरलेले भाडे किमतीतून वजा होईल का, एवढेच विचारून न थांबता, ओल आणि बुरशीची जबाबदारी कोणाची, हेही लेखी घ्यावे. कॅनव्हासवरचे तैलचित्र त्या मानाने सोशिक असते, तरी बाहेरच्या ओलसर भिंतीवर तेही नको.